राजाचा ढेकर आणि भटकी नस

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता. म्हणजे दिवसातले अठरा तास झोपत होता, पण दरबारी भाषेत त्यालाच राज्य करणं म्हणतात. तुम्ही दुपारी झोपलात तर आळशी आणि राजा झोपला तर चिंतन. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, मोठेपणी उपयोगी पडेल.

आणि तिकडे मागे कोण खुसखुसतंय? हात गुडघ्यावर ठेवा. गोष्ट सुरू झाली आहे.

तर त्या जंगलात तळं एकच होतं आणि तळ्याचा कायदाही एकच होता. राजाचं जेवण झालं, त्याने ढेकर दिला, की तळं उघडलं. मग हरणं, ससे, रानडुकरं, सगळी खुशाल पाण्यावर यायची. राजा तिथेच आडवा पडलेला असायचा. त्याच्या शेपटीवर कोणाचा पाय पडला तरी तो नुसती कूस बदलायचा. पोट भरलेला सिंह कोणाच्या वाटेला जात नाही. ढेकराच्या आधी मात्र झुडपातून नाकसुद्धा बाहेर काढायचं नाही.

तळ्याकाठच्या खडकावर कोरलेलं होतं, 'ज्याच्या ढेकराने तळं उघडतं, तो राजा.' कोणी कोरलं, कधी कोरलं, कोणाला ठाऊक नव्हतं. कायदा तसा बरा होता. कारण ढेकर खरा होता.

तळ्याजवळच्या करवंदीच्या जाळीत केवडी नावाची भेकरीण राहायची. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटंसं हरीण. ते भुंकलं की धोका आला असं समजून सगळं जंगल पळत सुटतं. ऐन वैशाखात केवडीला पाडस झालं. तीन दिवसांचं होतं. उभं राहिलं की त्याचे चार पाय चार दिशांना जायचे. केवडी त्याला जाळीत लपवायची आणि कान टवकारून बसायची. ढेकर ऐकू आला की धावत तळ्यावर जायची, पोटभर पाणी प्यायची, धावत परत यायची. पाणी मिळालं तर दूध यायचं आणि दूध आलं तर पाडस जगायचं.

एके दिवशी डोंगरापलीकडचा सिंह पाहुणा म्हणून आला. मोठी मेजवानी झाली. पाहुण्याने एक अख्खा रानरेडा संपवला, मिशा पुसल्या आणि दुसरा ओढून घेतला. आपले महाराज एक सांबर खाऊन दुसऱ्याला तोंड लावणार, तोच आतून आलं.

"ढ्रॉऽऽब!"

झुडपातली जनावरं बिचारी कायद्याने वागणारी. ढेकर ऐकला आणि मेजवानीच्या मधोमध सगळी पाणी प्यायला आली. एक ससा तर पाहुण्याच्या पंजावरून गेला. पाहुणा खो खो हसला.

"झालं एवढ्यात? आमच्याकडे याला न्याहारी म्हणतात!"

महाराजांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"मला अजून खायचं होतं," महाराज गुरगुरले. "मग पुरे कोण म्हणालं?"

प्रधान पुढे आला. प्रधान म्हणजे उदारराव नावाचा तरस. तरस राजाच्या उष्ट्यावर जगतो, म्हणून त्याला राज्याच्या भल्याची फार काळजी असते. राजा जास्त खाईल तेवढं उष्टं जास्त पडेल, असा त्याचा अंदाज होता.

"महाराज, आपण पुरे म्हणणं शक्यच नाही. हा कोणाचा तरी कट आहे."

"कोणाचा?"

तेवढ्यात डॉक्टर काटेकरांनी घसा खाकरला. हे साळिंदर. परदेशी जंगलात शिकून आलेलं. त्यांना साधं 'कसं काय' विचारलं तरी उत्तर ऐकता ऐकता सावली पलीकडे सरकायची.

"महाराज, आपल्या डोक्याच्या तळापासून एक नस निघते. ती मानेतून उतरते, हृदयापाशी जाते आणि पुढे पोटात पोचते. अंगभर भटकते म्हणून तिचं नाव भटकी नस. पोट ताणलं गेलं की ती वर डोक्याला कळवते. आतड्यात अन्न उतरलं की तेही कळवते. मग डोकं म्हणतं, पुरे."

शिकलेली माणसं या नसेला वेगस म्हणतात, मुलांनो. आपण भटकीच म्हणू, ओळखीची वाटते.

"पण हुकूम डोक्याचाच ना?" महाराजांनी विचारलं.

"हुकूम डोक्याचा, महाराज. पण बातमी पोटाची. त्या नसेत दहा धागे धरले, तर आठ खालून वर जाणारे असतात. वरून खाली येणारे दोनच."

"आठ?" प्रधान किंचाळला. "खालून वर? अहो, आपल्या राज्यात खालून वर काही जातच नाही! गेल्या पावसाळ्यातल्या पुराचे अर्ज अजून माझ्या गुहेत पडलेत, मी त्यांच्यावर झोपतो. आणि ही बया खुशाल वर जाऊन कळवते? हिला नेमलं कोणी?"

"कोणीच नाही. ती जन्मापासून असते."

"म्हणजे बिननेमणुकीची! महाराज, काढून टाका तिला."

डॉक्टर चुळबुळले. "ती बाकीचीही कामं करते. आवाज तिच्यामुळे फुटतो. पोट अन्न घुसळतं आणि पुढे ढकलतं, तेही…"

"डॉक्टर," प्रधान गोड आवाजात म्हणाला, "राजवैद्याची जागा रिकामी आहे."

डॉक्टरांचं तोंड बोलण्यासाठी उघडलं होतं. ते तसंच मिटलं. विज्ञानात असे क्षण येतात.

महाराजांना भांग पाजली. साळिंदराचे पुढचे दात म्हणजे काय, तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या घरचा भोपळ्याचा वेल त्याला दाखवा. डॉक्टरांनी मानेत छोटंसं भोक पाडलं, नस बाहेर ओढली आणि कुरतडली. 'कट्' असा आवाज झाला. मग पळसाचं पान बांधलं.

महाराज शुद्धीवर आले. एक सांबर खाल्लं. ढेकर नाही. दुसरं खाल्लं. नाही. मग एक गवा खाल्ला आणि म्हणाले, "अजून!"

दरबारात एकच टाळ्या.

फक्त हे 'अजून' जरा चमत्कारिक आलं. महाराजांना डरकाळी फोडायची होती, पण आवाज निघाला वाळका पाला तुडवल्यासारखा. प्रधानाने लगेच दवंडी पिटली, की महाराज आता इतके थोर झालेत, की त्यांना मोठ्याने बोलायची गरजच उरलेली नाही.

त्या दिवशी ढेकर झाला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. महाराज खातच होते आणि तळं बंदच होतं. ऊन असं, की करवंदीची पानंसुद्धा माना टाकून बसलेली. केवडी कान टवकारून टवकारून दमली. तिसऱ्या दिवशी पाडसाने आचळाला तोंड लावलं, ढुशा दिल्या आणि 'ब्यां' केलं. दूध निम्म्यावर आलं होतं.

चार हरणांना गोळा करून केवडी प्रधानाच्या गुहेशी गेली.

"प्रधानजी, तळं उघडा. माझं पोर मरेल."

"अगं केवडे, मी का दुष्ट आहे? पण कायदा बघ ना. ढेकराशिवाय तळं उघडता येत नाही."

"मग ढेकर कधी होणार?"

"महाराजांचं जेवण झाल्यावर."

"आणि जेवण कधी होणार?"

प्रधानाने आभाळाकडे बघितलं. "प्रगतीला शेवट नसतो, बाई."

पण प्रधान चतुर होता. जनावरं तहानेने मेली तर महाराज खाणार काय? आणि खरं सांगायचं तर तो स्वतःही खंगत चालला होता. महाराज आता हाडं, शिंगं, खुरं, काहीच मागे ठेवत नव्हते. त्यामुळे त्याने गालफुगे नावाच्या बेडकाला बोलावलं आणि त्याला राजढेकरकार नेमलं. गालफुगे आनंदाने दुप्पट फुगला. रोज दुपारी खडकावर बसायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "महाराजांच्या वतीने… ढ्रॉब!" बास. मग तळं उघडलं.

पहिल्या दिवशी जनावरांनी हर्षाने उड्या मारल्या. सगळी पाण्यावर धावली. केवडी पाडसाला नीट लपवून येईपर्यंत मागे राहिली, आणि म्हणून तिने ते लांबून बघितलं. चितळांची एक जोडी पाण्यात तोंड घालून उभी होती. महाराज उठले. आणि ढेकर दिलेल्या राजाने दोन्ही चितळं जागच्या जागी खाल्ली.

केवडी धापा टाकत प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, महाराजांनी ढेकरानंतर दोन चितळं खाल्ली!"

"शक्य नाही. ढेकरानंतर महाराज जेवत नाहीत."

"अहो, मी या डोळ्यांनी बघितलं!"

"मग डोळे दाखवून घे. डॉक्टर मोकळेच आहेत."

"मग चितळं गेली कुठं?"

"पै-पाहुण्यांकडे गेली असतील. उन्हाळा आहे, लोक जातात." प्रधानाने तिच्याकडे रोखून बघितलं. "आणि तू फार खालून वर बोलायला लागलीस, केवडे."

पुढे रोज हेच. दुपारी बेडूक ढेकर द्यायचा, जनावरं पाण्यावर यायची, महाराज उठायचे. जनावरं मूर्ख होती असं समजू नका हं. ढेकर म्हणजे धोका नाही, हे त्यांच्या आज्याने सांगितलं होतं, त्याच्या आज्याने त्याला सांगितलं होतं. समोरचा सिंह खोटा असू शकेल, ढेकर कसा खोटा असेल? तळ्यावरची गर्दी दिवसेंदिवस कमी होत गेली. प्रधानाने जाहीर केलं, की जंगलातली पाणीटंचाई दूर झाली आहे.

केवडी मात्र परत तळ्यावर गेली नाही. पहाटे पानांवरचं दव चाटायची. दवाने कुठे दूध येतं? सातव्या दिवशी आचळ कोरडं पडलं. पाडस आता ढुशासुद्धा देत नव्हतं, नुसतं तोंड लावून पडून राहायचं. केवडी त्याचं अंग चाटायची आणि तिला रडू यायचं. दूध होतं तेव्हा हेच पोर कसं घटाघटा प्यायचं आणि पोट भरलं की आपणहून आचळ सोडून द्यायचं! ना त्याला प्रधान, ना डॉक्टर, ना खडकावरचा कायदा. वीतभर जीव, पण त्याला आपलं आपण कळत होतं. आणि तिकडे ते एवढं मोठं धूड!

आठव्या दिवशी सकाळी ती उठली. पाडसाला मागे ठेवून तरी काय करायचं होतं? ढकलत, चाटत, थांबत तिने त्याला तळ्याकाठच्या लव्हाळ्यात आणून ठेवलं. बेडकाच्या ढेकराला अजून वेळ होता. आजूबाजूच्या झुडपांत उरलीसुरली जनावरं जीभ बाहेर काढून उभी होती.

पाण्याच्या कडेला महाराज पडले होते. पोट एवढं फुगलं होतं, की पंजे जमिनीला टेकत नव्हते. वास असा येत होता, की माशासुद्धा जरा लांबून घोंगावत होत्या. आठवड्याभराची सांबरं, गवे, चितळं, सगळं पोटात जागच्या जागी होतं. पुढे ढकलणारं कोणी नव्हतं.

महाराजांनी डोळा किलकिला केला. उठायचा प्रयत्न केला. पुढचा पंजा हलला, बाकीचं अंग हललं नाही.

"कोण गं तू?" ते घोगरं कुजबुजले. "जरा जवळ ये. मला भूक लागलीय."

केवडी तिथून हलली नाही.

"महाराज, पोट बघा तुमचं."

"पोट? मला पोट आहे का अजून? तिकडून काही कळतच नाही."

"आहे, महाराज. टम्म फुगलंय. फुटायला आलंय. आता पुरे करा हो!"

महाराज कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत राहिले.

"पुरे," ते म्हणाले. "ऐकलाय हा शब्द. पूर्वी आतून कोणीतरी म्हणायचं. रोज म्हणायचं."

"मग?"

"मला राग यायचा. काढून टाकलं त्याला." महाराजांनी एक लांब श्वास सोडला. "पण भूक लागलीय गं."

आणि महाराज मेले.

केवडीला क्षणभर वाईटच वाटलं. मग तिला पाडस आठवलं आणि तिने पाण्यात तोंड घातलं. किती प्यायली, तिलाच ठाऊक. 

प्रधान आणि डॉक्टर धावत आले. जागेवरच चौकशी झाली. डॉक्टरांनी पोटाला एक प्रदक्षिणा घातली, तिला जरा वेळ लागला, आणि निदान सांगितलं. महाराज उपासमारीने गेले. पुरावा? शेवटचे शब्द, 'भूक लागलीय.' इतका स्पष्ट पुरावा डॉक्टरांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच मिळाला होता.

केवडीने झुडपांकडे बघून हाक मारली. "अहो, या! प्या पाणी! सिंह मेलाय!"

एका म्हाताऱ्या रानडुकराने फांदीआडून विचारलं, "ढेकर झाला का?"

"अहो मामा, मेलाय तो!"

"ते ऐकलं गं. ढेकर झाला का?"

सगळ्यांनी बेडकाकडे बघितलं. गालफुगेने गाल फुगवले, मग हळूच सोडले. महाराजांच्या वतीने ढेकर द्यायचा, पण महाराजच नाहीत. मग वतीने तरी कोणाच्या? त्याने प्रधानाकडे लेखी हुकूम मागितला. प्रधान विचारात पडला. दुपार टळली. समोर तळं काठोकाठ भरलेलं, खाणारा मेलेला, आणि जनावरं झुडपात तहानेने तडफडत उभी. केवडीने शेवटी कपाळाला हात लावला. म्हणजे खूर लावला.

उन्हं कलली तेव्हा तिला दूध उतरलं. ती लव्हाळ्यात शिरली. पाडसाने आधी नुसतंच तोंड लावलं. मग एक घोट घेतला. मग दुसरा. मग शेपूट हलवत, ढुशा देत असं प्यायलं, की केवडीचे डोळे भरून आले. पोट भरल्यावर त्याने आपणहून आचळ सोडलं. आणि लव्हाळ्यातून बारीकसा आवाज आला.

"ढिब!"

"झाला!" म्हातारं रानडुक्कर ओरडलं. "झाला ढेकर!"

सगळी झुडपं हलली. उरलेलं जंगल तळ्यावर कोसळलं. सगळी जनावरं पाण्यात तोंडं घालून प्यायली, आणि या वेळी कोणीही उठून कोणाला खाल्लं नाही. गोष्ट इथेच संपवली असती तर किती छान झालं असतं, नाही? पण मग तुम्ही शिकणार काय?

प्रधानाने खडकावरचा कायदा मोठ्याने वाचला. ज्याच्या ढेकराने तळं उघडतं, तो राजा.

"हरकत आहे!" गालफुगे ओरडला. "मी इतके दिवस तळं उघडलंय!"

"तू वतीने होतास," प्रधान म्हणाला. "वतीने ढेकर देणारा राजा होत नाही, त्याने फक्त गाल फुगवायचे असतात. महाराज सापडले!" आणि त्याने लव्हाळ्यातल्या पाडसाला मुजरा केला. जनावरांनी जयजयकार केला. डॉक्टर काटेकर पाण्यापाशी गेले आणि पुढचे दात स्वच्छ धुऊन आले.

"हे काय करताय?" केवडीने विचारलं.

"अगं, राजमाता, अभिनंदन!" डॉक्टर म्हणाले. "महाराज लहान आहेत, आत्ताच नस काढून टाकू. कोवळेपणी पटकन तुटते. मागच्या महाराजांच्या वेळी आपल्याला फार उशीर झाला, म्हणून ते उपाशी गेले."

"त्याला हात लावाल तर याद राखा!"

"बाई, भावनेच्या भरात जाऊ नका," प्रधान म्हणाला. "गादीची परंपरा आहे."

केवडीने मान वर केली आणि ती भुंकली. भेकर भुंकलं की काय होतं, ते मी तुम्हाला मघाशीच सांगितलंय. रानडुक्कर पळालं, हरणं पळाली, ससे पळाले. प्रधान आपल्याच अर्जांच्या ढिगात जाऊन लपला. डॉक्टर काट्यांचा गोळा होऊन उतारावरून गडगडत गेले. केवडी खोटं भुंकली असं कोणी म्हणेल, पण तसं नाही. धोका खरोखरच समोर उभा होता, दात धुऊन.

केवडीने पाडसाला पुढे घातलं आणि चार दिशांना जाणारे ते चार पाय सांभाळत ती डोंगर चढून गेली. परत आली नाही.

त्या जंगलात अजून तळं भरलेलं आहे. सिंह नाही. जनावरं झुडपात उभी राहून ढेकराची वाट बघत आहेत. गालफुगे लेखी हुकुमाची वाट बघतोय. प्रधानाने राजाच्या जागेसाठी नवी जाहिरात लावली आहे. अट एकच, पोट असावं, पण त्याने बोलू नये.

तात्पर्य: मुलांनो, पोट भरलं म्हणून जेवण थांबवणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. खालून कोणी 'पुरे' म्हणत असेल तर त्याचं ऐकू नये, जवळच्या राजवैद्याला भेटावं. घाबरायचं काही कारण नाही. नस बारीक असते, फारसं दुखत नाही. आणि दुखलं, तरी ते वर कळवणारं कोणी उरत नाही.